करवंदीच्या बुडाशी पाणी थांबू देऊ नका

मृग तोंडावर आलाय. नर्सऱ्यांत करवंदीची रोपं दिसायला लागलीत आणि परसात, कुंपणाला लावायची घाई सुरू झालीय. लावा, पण खड्डा खणलात की त्यात आधी पाणी ओतून बघा. काळ्या जमिनीला या दिवसांत भेगा असतात, त्या पहिली बादली गटागट पितात. त्यावर जाऊ नका. दुसरी ओता, तिसरी ओता, मग झोपायला जा. सकाळी खड्ड्यात पाणी दिसलं तर तिथे करवंद लावायचं नाही. दुसरी जागा नसेल तर वरंबा करायचा.

करवंद काटक, कुठेही येतं, असं सगळे सांगतात. उन्हाच्या बाबतीत ते खरं आहे. पण ही जाळी सह्याद्रीच्या उतारावरची, जांभ्याच्या कातळावरची. कोकणात 3000 मिलिमीटर पाऊस अंगावर घेऊनही ती तरारते, कारण तिथलं पाणी बुडाशी थांबत नाही, वाहून जातं. आपण तिला सपाट काळ्या मातीत दोन फूट खड्डा खणून बसवतो आणि वर आळं करतो. आषाढात तो खड्डा म्हणजे भरलेला रांजण. तळाला विटांचे तुकडे घालूनही उपयोग नाही. पाण्याला बाहेर वाट नसेल तर विटाही बुडूनच राहणार.

आमच्या शेजारच्या काकांनी कुंपणाला बारा रोपं लावली होती. छपराची पन्हळ नेमकी त्याच कडेला पडायची. श्रावणात शेंडे माना टाकायला लागले, तर काकांना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून उघडीप मिळाली की वरून आणखी पाणी. मग दुकानदाराने मुळं वाढवणारं म्हणून एक महागडं काळं औषध दिलं. तेही ओतून झालं. मी एक रोप उपटलं तेव्हा मुळाची साल चिमटीत मोज्यासारखी निघून आली, आतला दोरा तेवढा राहिला, आणि आंबूस वास. बारापैकी दोन जगली. दोन्ही फाटकाजवळच्या उंचवट्यावरची.

म्हणून हे ओळखायला शिका. तहानलेलं झाड दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी सावरतं. संध्याकाळीही मान खालीच आणि माती मात्र ओली, तर मूळ गुदमरलंय. तिथे पाणी नको, खत नको, टॉनिक तर नकोच. कुदळ घ्या आणि चर काढा. पाणी निघून गेल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यात, झाडाच्या वयाप्रमाणे दोन-तीन लिटर बुडाशी. ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळकुजीशी लढणारी उपयोगी बुरशी, वापरायचा असेल तर या औषधासोबत नको, दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

वरंबा दीड फूट उंच, तीन फूट रुंद. माती, मुरूम आणि कुजलेलं शेणखत. रोप माथ्यावर, कडेने चर, आणि चराचं तोंड उताराकडे. माझा एक अंदाज सांगतो, पुस्तकात मिळणार नाही: ज्या कोपऱ्यात लव्हाळा दाट माजतो आणि पावसाळ्यात शेवाळावर पाय घसरतो, तिथे बादलीची परीक्षासुद्धा घेऊ नका.

बाकीची कामं नेहमीचीच:

- लागवड: भिजपाऊस झाल्यावर, जून-जुलै
- अंतर: कुंपणाला 1 मीटर, सुट्या झाडांना 3 मीटर
- खत: झाडामागे घमेलंभर शेणखत
- जात: दापोली विद्यापीठाची कोकण बोल्ड, फळ मोठं
- बी: पिकल्या फळातलं, धुऊन लगेच पेरायचं, ठेवलेलं बी उगवत नाही
- उन्हाळी पाणी: पहिली दोन वर्षं, आठ-दहा दिवसांनी
- छाटणी: फळं संपल्यावर, वाळलेल्या फांद्या, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका

बियांची रोपं एकसारखी निघत नाहीत. आतून लाल कोंबडा निघेल की पांढरी कोंबडी, ते फळ चावल्यावरच कळणार. कुंपणापुरतं हवं असेल तर बियांचीच लावा, पैसे वाचतील. लोणच्याला मोठं फळ हवं असेल तर कलम घ्या.

संततधारेत पानांवर ठिपके आले, शेंडे वरून वाळत आले तर बोर्डो मिश्रण घरीच करा. मोरचूद 100 ग्रॅम 5 लिटर पाण्यात, कळीचा चुना 100 ग्रॅम दुसऱ्या 5 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. गाळून दोन्ही तिसऱ्या बादलीत एकाच वेळी ओता आणि ढवळा. त्यात विळ्याचं पातं बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडी निवळी घाला. त्याच दिवशी वापरा. रंगीत बाटलीतलं घ्यायला दुकानदार आग्रह करेल, त्याआधी मोरचुदाचा भाव विचारा.

आणि पन्हळीचा पाइप. तो आजच वळवून घ्या. पहिली वळवाची सर आली की प्लंबर फोन उचलत नाही.