विद्यार्थी पास: आधी भागाकार, मग रांग

बस किंवा रेल्वेच्या मासिक पासची किंमत भागिले एकेरी भाडं, हा भागाकार आधी करा. उत्तर ३० आलं, तर महिन्याला ३० पेक्षा जास्त फेऱ्या होणार असतील तरच पास परवडतो. २२ दिवस जाऊन-येऊन ४४ फेऱ्या होतात. मध्येच सुट्टी लागून १२ दिवस उरले, तर २४च. म्हणून पास एक तारखेपासून नको, कॉलेज सुरू होईल त्या दिवसापासून घ्या.

सवलतीचा अर्ज अनेकदा नावावरून अडतो. बोनाफाईडवर आडनाव आधी, ओळखपत्रावर शेवटी, एवढ्यानेही परत येतो. दोन्हीकडे नाव सारखं करून घ्या.

पासऐवजी भाडं कापणारं स्मार्ट कार्ड वापरत असाल आणि उतरताना ते मशीनवर टॅप करायचं राहिलं, की बऱ्याच ठिकाणी कमाल भाडं कापलं जातं. हे पैसे अगदी फुकट जातात!