हार्डवेअर स्पर्धेत यंत्र मांडताय? या चुका टाळा

प्रश्नच ढोबळ असेल तर पुढचं सगळं ढोबळ होतं. "शेतकऱ्यांसाठी स्मार्ट उपाय" ही बॅनरवरची ओळ झाली. प्रश्न असा लिहा: नदीकाठची मोटार पाणी चढायच्या आत वर ओढावी लागते, आणि रात्री पाणी वाढलं तर मालकाला ते सकाळी कळतं. सांगलीत कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. कृष्णाकाठच्या भिलवडी गावातल्या शेतकऱ्याला हा आकडा पुरत नाही, कारण काठावरची मोटार त्याच्या आधीच पाण्यात जाऊ शकते. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: माझ्या मोटारीपासून पाणी किती खाली आहे आणि तासाला किती चढतंय. इतकं नेमकं ठरलं की सेन्सर, बॅटरी, किंमत यांचा निम्मा घोळ तिथंच मिटतो.

सेन्सर निवडताना बाजारात स्वस्त मिळतो म्हणून एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा (अल्ट्रासॉनिक) सेन्सर घेतला जातो. त्याचा पल्ला जेमतेम ४ मीटर, तोंड उघडं. पावसाळी दमट हवेत तो टिकत नाही. जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर टिकतो, पण साधारण २०-२५ सेंटीमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. शिवाय आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो: २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. कोडमध्ये ३४३ कायम ठेवलं तर दुपारच्या उन्हात ३ मीटरच्या मापात १० सेंटीमीटरची चूक येते. तापमानाचा सेन्सर जोडून ती दुरुस्त करा.

नदीसाठी पाण्यात सोडायचा, दाबावरून पाण्याची खोली सांगणारा, ४-२० मिलिअँपिअर करंट देणारा प्रेशर सेन्सर जास्त भरवशाचा. त्याला बहुधा १२ ते २४ व्होल्ट लागतात. ईएसपी३२ ला (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) जोडताना १२० ओहमचा रेझिस्टर घ्या, म्हणजे ०.४८ ते २.४ व्होल्ट मिळतात. त्याच्या वर हा बोर्ड अचूक मोजत नाही. वायफाय चालू असताना एडीसी२ च्या (बोर्डातला व्होल्टेज मोजणारा दुसरा भाग) पिना वाचता येत नाहीत, म्हणून ३२ ते ३९ मधल्या पिना वापरा. केबलमध्ये हवेची बारीक नळी असेल तर ती कोरड्या डब्यात मोकळी सोडा. अनेक जण तिच्यावरही सिलिकॉन फासतात. मग हवेचा दाब १० मिलिबारने बदलला की पाणी १० सेंटीमीटर हललेलं दिसतं, नदी मात्र जागच्या जागी असते.

"मेसेज पाठवताना बोर्ड रीसेट होतो" ही तक्रार हमखास ऐकू येते, आणि पोरं रात्रभर कोड तपासत बसतात. दोष कोडमध्ये नसतो. सिम कार्ड घालून मेसेज पाठवणारं सिम८००एल मोड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं आणि त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट हवे असतात. बोर्डाच्या पिनेतून ते मिळत नाहीत. ३ अँपिअरचा वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) ४ व्होल्टवर लावा, मोड्यूलला अगदी चिकटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या, तारा जाड आणि आखूड ठेवा, ग्राउंड एकत्र जोडा. हे मोड्यूल फक्त टूजीवर चालतं, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालणार नाही. नव्याने बनवत असाल तर फोरजी मोड्यूलच घ्या.

बॅटरीचा हिशेब कागदावरच्या आकड्यांवर करू नका. ईएसपी३२ ची चिप डीप स्लीपमध्ये (जवळजवळ सगळं बंद ठेवून झोपलेली असताना) सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते खरी, पण बोर्डावरचा एलईडी, यूएसबी चिप आणि रेग्युलेटर मिळून काही मिलिअँपिअर खातात. १० मिलिअँपिअर धरले तर २६०० एमएएचचा सेल ११ दिवसांत संपतो. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून स्वतः मोजा.

यंत्र मोटारही चालू-बंद करणार असेल, तर स्टार्टरला हात लावण्याआधी त्यातल्या कॉन्टॅक्टरच्या (मोटारीची वीज जोडणारा मोठा स्विच) कॉइलवरचा आकडा वाचा. तिथं ४१५ व्होल्ट असू शकतं, आणि निळ्या रिले मोड्यूलवर २५० छापलेलं असतं. मधे योग्य रेटिंगचा रिले घ्या आणि हे काम जाणत्या वायरमनसमोरच करा. तिन्ही फेज तपासल्याशिवाय मोटार चालू करणारं यंत्र एक फेज गेल्यावर मोटार जाळेल. पंपांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी ज्या जिल्ह्यात आहे, तिथले परीक्षक हा प्रश्न सोडणार नाहीत.

डब्याला केबल खालून ग्लँड (पाणी अडवणारी घट्ट चकती-नट) लावून आत घ्या. काळा डबा उन्हात ठेवू नका. आतलं तापमान ४५ अंशांच्या वर गेलं तर लिथियम सेल चार्ज करणं त्याच्या जिवावर बेततं. ब्रेडबोर्ड प्रदर्शनाला नेऊ नका. सोल्डर केलेला बोर्ड आणि स्क्रू टर्मिनल लावा.

कागदपत्रांत सर्किटचा आराखडा, भागांची किमतीसह यादी आणि कोड एवढं हवंच. दुसऱ्या माणसाने फक्त ते वाचून यंत्र उभं करून बघावं. जिथं तो अडतो तिथं लिहिणं अपुरं आहे. पेटंटचा विचार असेल तर मंचावर मांडायच्या आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज भरा. व्यक्तीसाठी ऑनलाइन फी १६०० रुपये, आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आधी जाहीर केलं की नावीन्याचा दावा अडचणीत येतो.

प्रात्यक्षिकाला हॉलच्या वायफायवर विसंबू नका, स्वतःचा हॉटस्पॉट न्या. मात्र तो २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. बरेच फोन ५ गिगाहर्ट्झवर असतात आणि साध्या ईएसपी३२ ला ते नेटवर्क दिसतच नाही.