वर्गात ‘मनाची हजेरी’ कशी घ्यावी

नावांची हजेरी रोज होते. त्याच वेळी मूल कोणत्या मनःस्थितीत बाकावर येऊन बसलंय हे कळलं, तर पुढचा दिवस शिक्षकालाही सोपा जातो. घाबरलेल्या किंवा धुसफुसत बसलेल्या मुलाला फळा दिसतो, पण त्यावरचं काही डोक्यात शिरत नाही. यासाठी वेगळा तास लागत नाही. रोज सकाळची दहा मिनिटं, एक झाकणाचं खोकं आणि कागदाच्या चिठ्ठ्या एवढं पुरतं. खालची पद्धत साधारण दुसरी ते आठवीच्या वर्गांना चालते.

१. आधी शब्द द्या

पहिले दोन आठवडे मुलांना “तुला काय वाटतंय?” असं विचारूच नका. बहुतेकांकडे त्याचं उत्तर द्यायला शब्दच नसतात. “मस्त”, “बोअर” आणि “राग आला” यावर गाडी थांबते. आनंद, राग, भीती, दुःख या चार शब्दांपासून सुरुवात करा. मग रोज एक नवा शब्द घ्या: वैताग, हेवा, धाकधूक, हिरमोड, ओशाळणं, हुरहुर, एकटेपणा. व्याख्या सांगू नका, प्रसंग सांगा. खेळायला निघालो आणि नेमका पाऊस आला, की हिरमोड. आपलं नाव पुकारायच्या आधी होते ती धाकधूक. लगेच पुढचा प्रश्न विचारा, “ती शरीरात कुठे जाणवते?” पोटात गोळा, तळहाताला घाम, घशाशी आवंढा अशी उत्तरं मुलं पटापट देतात. लहान मुलं भीती वाटते असं क्वचितच म्हणतात, ती पोट दुखतं म्हणतात. म्हणून ही जोडणी महत्त्वाची. शिवाय भावनेला नेमकं नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते, हे मेंदूच्या प्रतिमांमध्ये दिसून आलं आहे.

२. चिठ्ठी

तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येकाला तळहाताएवढा कागद द्या. त्यावर नाव, एक शब्द आणि “बोलायचं आहे” किंवा “नको” यापैकी एकावर खूण. वेळ दोन मिनिटं. लिहिता न येणाऱ्यांसाठी चार चेहरे छापा, त्यातल्या एकाभोवती गोल करू द्या. चिठ्ठी घडी घालून खोक्यात टाकायची. टाकायची सगळ्यांनी, पण कोरी टाकली तरी चालेल. या सवलतीत हात आखडू नका. गप्प राहायची मुभा असेल तरच मूल एखाद्या दिवशी खरं लिहितं.

भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता लावून त्यावर आपापल्या नावाचा चिमटा अडकवायचा, हा प्रकार दिसायला सुरेख असतो, पण मोठ्या मुलांत फसतो. मैत्रीण जिथे चिमटा लावते तिथेच दुसरी लावते, आणि ‘दुःखा’त नाव असलेल्याला मधल्या सुट्टीत चिडवलं जातं.

३. चिठ्ठी वाचल्यावर

सगळ्या उपक्रमाचं मर्म इथे आहे. मुलं वह्या काढेपर्यंत चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: ठीक आहे, लक्ष ठेवायचं, आजच बोलायचं. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांशी मधल्या सुट्टीपर्यंत बोलणं झालंच पाहिजे, मग ते दोनच मिनिटं का असेना. चार दिवस चिठ्ठीची दखल घेतली गेली नाही, की खोक्यात सगळीकडे “ठीक” येऊ लागतं, आणि तो विश्वास परत मिळवायला फार वेळ लागतो. रोज उत्तर देणं जमणार नसेल तर आठवड्यातून दोनच दिवस चिठ्ठ्या घ्या, पण त्या दोन दिवसांत कुणालाही सोडू नका.

बोलताना मुलाला सगळ्यांसमोर हाक मारू नका. बाजूला, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. “तू वैताग लिहिलंयस. सांगायचंय का?” एवढंच म्हणा आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजा. ही शांतता मोठ्यांनाच असह्य होते आणि ते घाईने उपदेश सुरू करतात. “का?” विचारलं की मूल स्वतःचा बचाव करू लागतं, “काय झालं?” जास्त चालतं. “एवढ्यात काय रडायचं” हे वाक्य तर टाळाच. शेवटी दोन पर्याय ठेवा: “आत्ता जागा बदलून देऊ, की सुट्टीत पुन्हा बोलू?”

४. शांत कोपरा आणि श्वास

वर्गाच्या एका कडेला चटई, पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ, कागद, रंग आणि दाबायला मऊ चेंडू ठेवा. तिथे मुलाने स्वतःहून जायचं. “जा, कोपऱ्यात बस” असं एकदा जरी म्हटलं, तरी ती शिक्षेची जागा होते.

श्वासाचा सराव मुलं शांत असतानाच करून घ्या; भांडणाच्या ऐन भरात नवीन काही शिकता येत नाही. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच वेळा. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. डोळे मिटायची सक्ती नको, काही मुलांना त्याचीच भीती वाटते. जमिनीवरच्या एखाद्या ठिपक्याकडे पाहिलं तरी पुरे.

५. शिकवण्यातही तेच धोरण

सकाळी चिठ्ठी घ्यायची आणि दुपारी सर्वांसमोर गुण वाचून दाखवायचे, तर सकाळचं काम वाया जातं. उत्तरपत्रिका घडी घालून द्या, आणि चूक दाखवताना मुलाचं नाव न घेता चूक तेवढी फळ्यावर घ्या. भाषेच्या तासाला “या पात्राला इथे काय वाटलं असेल, आणि ते कशावरून?” हा एक प्रश्न वाढवा.

यात अभ्यासाचा वेळ जातो, अशी तक्रार हमखास येते. २०११ साली भावना ओळखायला आणि सांभाळायला शिकवणाऱ्या अशा २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थी होते. कार्यक्रमात सहभागी झालेल्या सरासरी विद्यार्थ्याचं अभ्यासातलं स्थान इतरांच्या तुलनेत शंभरात ११ क्रमांकांनी वर गेलेलं दिसलं. क्रम ठरवून आणि मुलांकडून प्रत्यक्ष कृती करून घेत चालवलेले कार्यक्रम जास्त उपयोगी पडले.

६. आपल्या आवाक्याबाहेरचं

दोन आठवड्यांहून जास्त काळ चिठ्ठीवर तेच ते उदास शब्द, मित्रांपासून तुटणं, वर्गात पेंगणं, डबा तसाच परत जाणं, शाळेत यायच्या वेळीच पोटदुखी यातलं काही दिसलं, तर पालकांशी बोला आणि समुपदेशकाकडे पाठवा. पालकांना निदान सांगू नका, जे दिसलं ते तारखेसह सांगा. मात्र घरात मारहाण किंवा छळ होत असल्याचा संशय असेल, तर आधी घरी न कळवता मुख्याध्यापक आणि बालसंरक्षण यंत्रणेकडे जा.

स्वतःला इजा करण्याचा किंवा जगणं नको झाल्याचा उल्लेख आला, तर त्याच दिवशी हालचाल करा आणि मुलाला एकटं सोडू नका. थेट विचारा, विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात घातला जात नाही. “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. त्याऐवजी म्हणा, “जे आपल्याला मदत करू शकतील त्यांनाच मी हे सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन.”