घरातील कुंड्यांना खत: कमी आणि पातळ

मनीप्लांट, सिंगोनियम किंवा स्नेक प्लांट यांसारख्या घरात वाढणाऱ्या झाडांना अंगणातील झाडांपेक्षा बरेच कमी खत लागते, कारण कमी प्रकाशात त्यांची वाढ संथ असते आणि खतातील न वापरलेले क्षार कुंडीतील मातीतच साठत जातात. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरट थर दिसू लागला आणि पानांची टोके करपू लागली, तर ते बहुधा जास्त खताचे लक्षण असते. दुर्दैवाने अनेक जण त्यालाच उपासमार समजून आणखी खत घालतात. अशा वेळी खत थांबवावे आणि तळाच्या छिद्रातून भरपूर पाणी वाहून जाईल असे दोन-तीन वेळा साधे पाणी सोडून माती धुवून काढावी.

कृषी सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे खत वापरायचे असल्यास एक लिटर पाण्यात १ ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये आणि नवी पालवी फुटत असेल त्या काळातच ते महिन्यातून एकदा द्यावे. माती कोरडी असताना खताचे पाणी देऊ नये, कारण त्यामुळे मुळे भाजतात; आधी साध्या पाण्याने ती ओलावून घ्यावी. माझ्या मते घरासाठी गांडूळखतच अधिक निर्धोक आहे: मध्यम कुंडीला दर दोन-तीन महिन्यांनी मूठभर पुरते. थंडीत वाढ मंदावलेली असताना आणि नुकतीच कुंडी बदललेल्या झाडाला मात्र कोणतेच खत देऊ नये.