शिकारीचं मांस फेरेटला घालताय? निदान या चुका टाळा

"भोक पडलेला भाग कापून टाकला, बाकीचं चालेल ना?" हा प्रश्न ऐकला की मी उलट विचारतो, छर्रे कसले होते? बहुतेक वेळा समोरचा गप्प. काडतुसात काय होतं हेच ठाऊक नसेल, तर ते मांस फेरेटसारख्या, मुंगसागत दिसणाऱ्या जेमतेम किलोभर वजनाच्या पाळीव जनावरापुढे टाकायची घाई कशाला?

शिकारीच्या मांसाला माझा विरोध नाही. फेरेट पक्का मांसाहारी प्राणी. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. हाडांसकट, काळीज-यकृतासकट रानससा त्याला मानवतो तसा डब्यातला कुठलाच खाऊ मानवत नाही. घोडं अडतं ते छर्ऱ्यांतल्या शिशापाशी.

माझी फेरेट चिंगी तेव्हा चार वर्षांची होती. ओळखीतल्या एका शिकाऱ्यानं सोललेले, स्वच्छ धुतलेले ससे दिले होते. जखमेभोवतीचं काळं-निळं मांस मी स्वतः कापून टाकलं, बाकीचं फ्रीझरमध्ये ठेवलं आणि दोनेक महिने थोडं थोडं घातलं. मग ती खाईना. दात करकर वाजवायची, पुढच्या पंजानं तोंड खाजवायची, मागचे पाय ओढत चालायची. या वयाच्या फेरेटला अशी लक्षणं दिसली की अनुभवी माणसाच्या डोक्यात पहिल्यांदा स्वादुपिंडाची गाठ येते, रक्तातली साखर कोसळते ती. मीही हिरड्यांना मध चोळला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. डॉक्टरांनी साखर तपासली तर ती अगदी व्यवस्थित. एक्स-रे काढला तर पोटात तीन पांढरे शुभ्र ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. रक्तातही शिसं सापडलं.

डॉक्टरांनी विचारलं, "त्यातलं मांस उरलंय का?" उरलं होतं. गोठलेली मांडी पिशवीसकट एक्स-रेच्या पाटावर ठेवली. त्या मांडीला बाहेरून एकही भोक नव्हतं. फोटोत मात्र हाडाला चिकटून दोन अख्खे छर्रे, आणि त्यांच्याभोवती पिठी भुरभुरावी तशी पांढरी धूळ. अख्खा छर्रा निदान बोटाला लागतो. ही धूळ बोटालाही लागत नाही आणि धुतल्यानं जातही नाही. जठरातलं आम्ल ती विरघळवतं, शिसं रक्तात उतरतं आणि हाडांत जाऊन बसतं. पोटातले छर्रे आधी काढून मग शिसं बाहेर ओढणारी इंजेक्शनं चालली. चिंगी वाचली, पण पुन्हा कधी पूर्वीसारखी पडद्यावर चढली नाही.

त्यानंतर मी छर्ऱ्यांनी मारलेलं काहीही घालत नाही. पक्षी नाही, ससा नाही. रायफलची शिशाची गोळी असेल तर आणखी वाईट, कारण वेगवान गोळी हाडावर आपटून फुटते आणि तिचे कण जखमेपासून वीतभर लांबसुद्धा सापडतात. गिधाडांच्या जातीचा कॅलिफोर्निया काँडोर शिकाऱ्यांनी टाकलेल्या अवशेषांतल्या याच कणांनी मरत होता. शेवटी कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी आली.

काही जण लोहचुंबक फिरवतात. शिसं लोहचुंबकाला चिकटत नाही हो! लोखंडी छर्रे सापडतील, आणि ते दात मोडतात म्हणून तेही काढायलाच हवेत, पण ज्याची भीती आहे ते आत तसंच राहतं. त्याहून मोठा शहाणपणा म्हणजे सगळं मांस यंत्रातून काढून खिमा करणं. एका मांडीतली धूळ मग महिनाभराच्या खाण्यात सारखी वाटली जाते. वेळ वाचतो, हे मात्र खरं.

मला सर्वात पसंत आहे तो जाळ्यात धरलेला ससा. फेरेटनंच बिळातून हुसकावलेला, गोळीशी संबंध नसलेला. ते नसेल तर तांब्याच्या गोळीनं किंवा डोक्यात एकाच गोळीनं पडलेलं जनावर. त्याचंही डोकं-मान मी टाकून देतो. देणाऱ्याला तीन गोष्टी विचारतो: गोळी कसली, लागली कुठे, पोट कधी साफ केलं. गोळी पोटात लागून आतडी फुटली असतील तर ते मांस घेत नाही. उन्हात दोन तास पडलेलंही नाही. यावर देणारा रुसला तर रुसू दे.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे फ्रीझरवरचा विश्वास. "तीन आठवडे गोठवलं होतं" हे लोक गंगेत बुडी मारून आल्यासारखं सांगतात. उणे १८ अंशांत तीन आठवडे मीही ठेवतो, कारण त्यात बऱ्याच जंतांच्या अळ्या आणि पुटकुळ्या मरतात. पण जिवाणू नुसते झोपतात. सशांमधल्या टुलारेमियाचे जंतू गोठलेल्या मांसात महिनोन्‌महिने तग धरतात आणि ते माणसालाही लागतात. म्हणून सोलताना हातमोजे, आणि यकृतावर पांढरे ठिपके दिसले की अख्खं जनावर बाद. विषाणूंनाही थंडीचं फारसं काही वाटत नाही. रानडुकराच्या कच्च्या मांसातून औजेस्की रोग येऊ शकतो. डुक्कर तो अंगावर वागवत फिरतं, फेरेट मात्र त्यातून वाचत नाही. रानडुक्कर घालायचंच असेल तर हाडं काढून पूर्ण शिजवून.

रानबदकं वगैरे पाणपक्षी कच्चे अजिबात नकोत. फ्लू फेरेटला आपल्याइतक्याच सहज होतो. १९३३ मध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो फेरेटच्या नाकात आजारी माणसाच्या घशातला स्राव घालूनच. बर्ड फ्लूच्या काळात कच्चं बदक म्हणजे स्वतःहून रोग घरी आणणं.

उंदीर-घुशींसाठी विष टाकलेल्या आवारातलं काहीही नको. ब्रोमाडायोलोनसारखं विष यकृतात साठतं आणि रक्तस्राव सुरू व्हायला तीन-पाच दिवस लागतात, तोवर तुम्ही काय घातलं ते विसरलेले असता. संशय आला तर वाट न बघता डॉक्टर गाठा. यावर के१ जीवनसत्त्वाचा उपचार आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

उकडलेलं हाड कधीच नाही, कच्चं चालतं.

हाडाशिवाय नुसता मांसाचा लुसलुशीत गोळा घालू नका, कॅल्शियम कुठून मिळणार?

सहा महिन्यांच्या आत ज्याची चव ओळखीची झाली नाही, ते मांस मोठा फेरेट सहसा तोंडात घेत नाही. तो नखरे करत नाहीये, त्याच्या लेखी ते अन्नच नाही. उपाशी ठेवून वठणीवर आणू पाहणाऱ्यांचा मला राग येतो. ओळखीच्या खाण्याला नव्या मांसाचं थोडं रक्त चोळा आणि आठवडे जाऊ द्या.

आणि तुकडे मोजा. फेरेट उरलेलं लपवतो, सडक्या मांसात बोटुलिझमचं विष तयार होतं आणि फेरेटला ते बाधतं. मी सकाळी घातलेले तुकडे संध्याकाळी मोजून परत घेतो. एकदा एक कमी भरला. पांघरुणं झटकली, कपाट ओढलं, पलंगाखाली बॅटरी मारली. सापडला तो चौथ्या दिवशी, बुटात पाय घातल्यावर.