आडवे झाल्यावर मुलाला दम लागत असेल तर

कोकणातल्या पावसाळ्यात लहान मुलांचा खोकला आणि छातीतली घरघर नवी नसते, आणि वाफेच्या औषधाने बहुतेकांना आरामही पडतो. मात्र मूल आडवे होताच कासावीस होत असेल, रात्रभर आईच्या खांद्यावर मान टाकून बसूनच झोपत असेल, सकाळी त्याचा चेहरा सुजलेला किंवा मानेच्या शिरा फुगलेल्या दिसत असतील, तर छातीतल्या गाठीने श्वासनलिका दाबली जात असण्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढावा.

आधी दम्यासाठी स्टेरॉइड दिले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) किंवा रक्ताच्या कर्करोगाची गाठ या औषधाने काही दिवसांतच आक्रसते. मुलाला बरे वाटते, पण पुढे बायोप्सीतून, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीतून, नेमके निदान करणे अवघड होते. म्हणून औषधांच्या बाटल्या आणि चिठ्ठ्या, रिकाम्या असल्या तरी, सोबत ठेवाव्यात. चालू औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

श्वास फारच लागत असेल, तर थेट मुंबईची वाट न धरता जवळच्या रुग्णालयात ऑक्सिजन सुरू करून, तिथल्या डॉक्टरांनी पुढच्या रुग्णालयाशी बोलून घेतल्यावर १०८ च्या रुग्णवाहिकेने निघावे. घाटातल्या वळणांवरही मुलाला सपाट झोपवू नये. स्ट्रेचरची डोक्याकडची बाजू उंच करून घ्यावी.

परळच्या टाटा रुग्णालयात असो वा अन्यत्र, सीटी स्कॅनसाठी झोपेचे औषध देण्यापूर्वी ‘आडवे केल्यावर याला श्वास घेता येत नाही’ हे वाक्य तिथल्या प्रत्येकाला सांगावे, पुन्हा पुन्हा सांगताना संकोच करू नये. भुलीने स्नायू सैल पडले, की गाठीच्या भाराने श्वासमार्ग बंद होऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर शक्य तिथे मानेतली गाठ किंवा छातीतले पाणी, केवळ तेवढी जागा बधिर करून तपासतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, भेटावे. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवावा.

केमोथेरपी सुरू झाल्यावर घरी परतताना गावाजवळच्या डॉक्टरांसाठी उपचारांची माहिती देणारे पत्र मागून घ्यावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर रात्र असली तरी ते पत्र घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलात संसर्ग काही तासांत बळावतो.