एकच केबल, सगळं टेबल: लॅपटॉपला डॉकिंग स्टेशन कसं जोडावं

लॅपटॉप पातळ होत गेले तशी त्यांच्या कडेची भोकंही कमी होत गेली. आता बऱ्याच लॅपटॉपला यूएसबी-सीची दोन पोर्ट आणि हेडफोनची एक जागा, एवढंच उरलंय. टेबलावर मात्र मॉनिटर आहे, कीबोर्ड-माउस आहे, इंटरनेटची केबल आहे, बॅकअपची हार्ड डिस्क आहे आणि चार्जरही आहे. डॉकिंग स्टेशन हे सगळं स्वतःला जोडून घेतं आणि लॅपटॉपकडे फक्त एक केबल पाठवतं. सकाळी ती खोचायची, संध्याकाळी काढायची.

डॉक विकत घेणाऱ्या बहुतेकांची निराशा होते ती एकाच गैरसमजामुळे. खोक्यावर 'बारा पोर्ट' लिहिलेलं असतं, म्हणून बाराही पोर्ट पूर्ण ताकदीने चालतील असं आपण धरून चालतो. डॉक नवीन ताकद निर्माण करत नाही. लॅपटॉपच्या एका पोर्टमधून जे येतं ते वाटून देतं. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून सुरुवात डॉकपासून नाही, लॅपटॉपपासून करायची.

आधी लॅपटॉपचं पोर्ट ओळखा

यूएसबी-सी हे फक्त आकाराचं नाव आहे. २४ पिनांचं तेच लंबगोल पोर्ट एका लॅपटॉपवर फक्त डेटा नेतं, तर दुसऱ्यावर डेटा, चित्र आणि वीज तिन्ही. एकाच लॅपटॉपवरची दोन यूएसबी-सी पोर्टंही सारखी असतीलच असं नाही.

पोर्टशेजारची बारीक खूण बघा. बाण असलेली वीज म्हणजे थंडरबोल्ट. तिथे चित्र आणि डेटा दोन्ही मिळतात. इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंतलेली खूण दिसली तर तिथून मॉनिटरला चित्र जातं. बॅटरीची किंवा प्लगची खूण असेल तर त्या पोर्टमधून लॅपटॉप चार्ज होतो. एक सावधगिरी: जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टशेजारीही कधी कधी वीज काढलेली असते. तिचा अर्थ लॅपटॉप बंद असतानाही तिथून फोन चार्ज होतो, एवढाच.

खूणच नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या मॉडेलचं माहितीपत्रक उघडा आणि दोन शब्द शोधा: 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' आणि 'पॉवर डिलिव्हरी'. पहिला चित्रासाठी, दुसरा चार्जिंगसाठी. दोन्ही असतील तर साधा यूएसबी-सी डॉक चालेल. चित्राची सोय नसेल तर कितीही महागडा साधा डॉक आणला तरी त्यावरचं एचडीएमआय पोर्ट मुकंच राहणार. अशा लॅपटॉपसाठी डिस्प्लेलिंक चिप असलेला डॉक घ्यावा लागतो, त्याबद्दल पुढे.

विजेचा हिशोब

लॅपटॉपसोबत आलेला चार्जर उलटा करून त्यावरचे वॅट वाचा. ४५, ६५, ९० असा काहीतरी आकडा असेल. वॅट लिहिले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा: २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट. डॉकने लॅपटॉपला निदान तेवढी वीज द्यायला हवी.

इथे खोक्यावरचा मोठा आकडा फसवतो. डॉकला स्वतःलाही वीज लागते आणि त्याला जोडलेल्या डिस्कलाही. तुमचाच चार्जर खोचून घेणाऱ्या छोट्या हबवर '१०० वॅट' लिहिलेलं असलं, तरी तो त्यातले दहा-पंधरा वॅट सहसा स्वतःसाठी ठेवतो. म्हणजे ६५ वॅटचा चार्जर अशा हबला लावला तर लॅपटॉपपर्यंत पन्नासच्या आसपास पोचतात. डॉकसोबत त्याचा स्वतंत्र अडॅप्टर येत असेल, तर 'लॅपटॉपला मिळणारी वीज' हा वेगळा आकडा माहितीपत्रकात शोधा.

वीज कमी पडली तर काही जळत नाही. लॅपटॉप 'चार्जर धीमा आहे' अशी कुरकुर करतो, आणि जड काम चालू असताना चार्जिंगला लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरत जाते. यूएसबी पॉवर डिलिव्हरीची जुनी मर्यादा १०० वॅट होती; २०२१च्या ३.१ आवृत्तीने ती २४० वॅटपर्यंत नेली, पण तेवढी वीज देणारे डॉक थोडे आहेत. गेमिंगचा किंवा व्हिडिओ संपादनाचा दणकट लॅपटॉप असेल तर त्याचा मूळ चार्जर वेगळा लावून ठेवा आणि डॉक बाकीच्या कामांना वापरा. 'एकच केबल' हे स्वप्न तिथे सोडून दिलेलं बरं.

डॉकसोबत आलेली केबल हरवू नका. फोनच्या चार्जरची यूएसबी-सी केबल दिसायला अगदी तशीच असते, पण तशा बहुतेक केबल यूएसबी २.० वेगाच्या, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटच्या असतात आणि त्यातून चित्र जातच नाही. नवीन घ्यायचीच झाली तर वेग आणि वॅट दोन्ही छापलेली घ्या. केबल लांब असली की सोय होते खरी, पण सेकंदाला ४० गिगाबिट नेणाऱ्या साध्या केबल साधारण पाऊण मीटरच्याच असतात, त्यामुळे डॉक लॅपटॉपजवळच ठेवावा लागेल असं धरून टेबल मांडा.

जोडण्याचा क्रम

हवं तसं खोचलं तरी बहुतेकदा चालतं. तरीही पहिल्या वेळी क्रमाने जा. काही अडलं तर कुठे अडलं ते लगेच कळतं.

१. डिस्प्लेलिंकचा डॉक असेल तर त्याचा ड्रायव्हर आधी लॅपटॉपवर टाका. इतर डॉकना सहसा ड्रायव्हर लागत नाही.

२. डॉकचा अडॅप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि डॉकवरचा दिवा लागला का बघा.

३. मॉनिटर डॉकला जोडा, सुरू करा आणि मॉनिटरच्या बटणांनी योग्य इनपुट निवडा. केबल डिस्प्लेपोर्टची आणि मॉनिटर एचडीएमआयवर, असं झालं की 'सिग्नल नाही' दिसतं आणि दोष डॉकवर येतो.

४. आता डॉकची मुख्य केबल लॅपटॉपच्या त्या ओळखून ठेवलेल्या पोर्टमध्ये खोचा. डॉकवर दोन-तीन यूएसबी-सी पोर्ट असतात. लॅपटॉपकडे जाणाऱ्या पोर्टवर बहुधा लॅपटॉपचं चित्र असतं.

५. अर्धा मिनिट थांबा. लॅपटॉपने परवानगी विचारली तर द्या. नव्या मॅक लॅपटॉपवर नवीन उपकरण जोडू द्यायचं का, असा प्रश्न येतो. तो घाईत नाकारला गेला तर चार्जिंग होत राहतं, पण डॉकवरचे कीबोर्ड-माउस ओळखले जात नाहीत.

६. मॉनिटर आणि चार्जिंग दोन्ही दिसल्यावरच कीबोर्ड, माउस, इंटरनेट, डिस्क एकेक करून जोडा.

मॉनिटर: जिथे खरा घोळ होतो

माझा पहिला डॉक लावला तेव्हा ४के मॉनिटरवर चित्र लख्ख आलं, पण माउसचा बाण चिखलातून ओढल्यासारखा चालायचा. दोन आठवडे मी माउसलाच दोष दिला, त्याचे सेल बदलले, चटई बदलली. शेवटी सेटिंगमध्ये पाहिलं तर मॉनिटर सेकंदाला ३० वेळाच चित्र बदलत होता. नेहमीचा आकडा ६० असतो.

कारण पुन्हा वाटणीचंच. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान डेटाचे चार मार्ग असतात. काही डॉक चारही मार्ग मॉनिटरला देतात. मग त्यावरची यूएसबी पोर्टं ४८० मेगाबिटवर येतात. बरेच डॉक दोन मार्ग चित्राला आणि दोन यूएसबीला देतात. आता गणित बघा. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा: सुमारे १२ गिगाबिट. डिस्प्लेपोर्ट १.२च्या दोन मार्गांतून प्रत्यक्षात ८.६४ गिगाबिटच जातात. म्हणून लॅपटॉप आणि डॉक आपसात ठरवून ३०वर उतरतात, जिथे सहाच गिगाबिट लागतात. डिस्प्लेपोर्ट १.४मध्ये त्याच दोन मार्गांतून १२.९६ गिगाबिट जातात आणि ४के ६०वर जेमतेम बसतं. पण त्यासाठी लॅपटॉप आणि डॉक दोघेही १.४चे हवेत. डॉकवरचं एचडीएमआय पोर्ट जुन्या १.४ आवृत्तीचं असेल तर तेही ३०वरच अडतं, ६०साठी २.० हवं. आवृत्तीचे आकडे सारखे दिसतात म्हणून एचडीएमआय १.४ आणि डिस्प्लेपोर्ट १.४ यांची गल्लत करू नका.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून रिफ्रेश रेट बघा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या डिस्प्लेजमध्ये तो मिळतो. यादीत ६० असेल तर निवडा. नसेल तर डॉकवरचं डिस्प्लेपोर्ट वापरून बघा. तरीही नाही जमलं तर रिझोल्यूशन २५६० गुणिले १४४० करा. त्याला ६०वरही साडेपाच गिगाबिटच्या आतच लागतात, त्यामुळे ते सहज बसतं. अक्षरं किंचित मऊ दिसतील, पण दिवसभर ३०वर काम करण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

दोन मॉनिटर जोडायचे असतील तर आणखी एक फाटा फुटतो. बऱ्याच साध्या यूएसबी-सी डॉकमध्ये एकाच सिग्नलचे दोन करणारी एमएसटी पद्धत असते. विंडोजवर ती चालते. मॅकवर मात्र अशा डॉकच्या दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं. शिवाय साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. मग डॉकवर कितीही जागा असोत.

यातून पळवाट म्हणजे डिस्प्लेलिंक. त्यात लॅपटॉपचा प्रोसेसर चित्र आवळून साध्या डेटासारखं पाठवतो आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. म्हणून चित्र न देणाऱ्या यूएसबी पोर्टवरही ते चालतं. कागदपत्रं, ईमेल, तक्ते यांना उत्तम. गेमला नको. सशुल्क सेवांवरचे संरक्षित चित्रपटही त्यावर कधी कधी काळे दिसतात.

चित्र आलं की विंडोजची की आणि पी एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे चौकोन ओढून टेबलावर जसे आहेत तसे मांडा, नाहीतर बाण डावीकडे नेला की उजवीकडून उगवेल. लॅपटॉप मिटून काम करायचं असेल तर झाकण बंद केल्यावर काय व्हावं ते पॉवरच्या सेटिंगमध्ये 'काहीही करू नका' असं ठेवा. मॅकला फक्त चार्जिंग, मॉनिटर आणि बाहेरचा कीबोर्ड-माउस असला की पुरतं.

बाकीची मंडळी

कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांना वेगाचं काही पडलेलं नसतं. त्यांना डॉकवरची सगळ्यात धीमी पोर्टं द्या आणि वेगवान पोर्टं डिस्कसाठी राखून ठेवा. एसएसडी या वेगवान डिस्कवरून मोठ्या फाइल हलवायच्या असतील तर ती थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावणंच शहाणपणाचं. डॉकवरची सगळी यूएसबी पोर्टं लॅपटॉपकडे जाणाऱ्या एकाच वाटेने जातात.

वायरलेस माउस डॉकला लावल्यावर अडखळायला लागला, तर बहुतेकदा रेडिओचा गोंधळ असतो. यूएसबी ३च्या वेगवान वाहतुकीतून निघणारी खरखर त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येते, जिथे माउसचा रिसीव्हर बोलत असतो. रिसीव्हर हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टमधून काढा आणि वीतभर एक्स्टेंशन केबल लावून डॉकपासून दूर ठेवा.

आवाज अचानक गेला तर घाबरू नका. मॉनिटर जोडला की लॅपटॉप बऱ्याचदा आवाजही त्याच्याकडेच पाठवतो, मग त्याला स्पीकर असोत वा नसोत. ध्वनीच्या सेटिंगमध्ये हवं ते आउटपुट निवडा.

काहीच चालत नसेल तर

लॅपटॉपकडची केबल काढा, डॉकचा अडॅप्टरही काढा, अर्धा मिनिट थांबा आणि दोन्ही पुन्हा लावा. डॉकच्या आत छोटा संगणकच असतो, आणि लॅपटॉप झोपेतून उठल्यावर मॉनिटर न येण्यासारखे निम्मे त्रास एवढ्यानेच जातात. न गेल्यास फक्त मॉनिटर ठेवून बाकी सगळं सोडवा, मग लॅपटॉपचं दुसरं पोर्ट आणि दुसरी केबल वापरून बघा. त्यानंतर डॉक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर नवीन फर्मवेअर, म्हणजे डॉकच्या आतलं सॉफ्टवेअर, शोधा. डॉक कोमट लागणं स्वाभाविक आहे. हात ठेवता येत नाही इतका तापत असेल तर तो कागदांखालून बाहेर काढा, आणि मोकळ्यावरही तसाच तापला तर बदलून घ्या.

उठताना केबल खेचण्याआधी एक गोष्ट करा. डॉकला डिस्क असेल तर ती 'इजेक्ट' करा. ती एक केबल काढली की चार्जर आणि मॉनिटरबरोबर डिस्कही त्याच क्षणी तुटते. २०१८मध्ये आलेल्या आवृत्तीपासून विंडोज डिस्क झटपट काढता येईल अशा बेताने चालतं, पण फाइल अर्धी लिहून झालेली असताना केबल निघाली तर ती फाइल अर्धीच राहते.